एकाच टाकीचं पाणी

मी तीन बायांच्या बाटल्यांमध्ये माझी लघवी भरून दिली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. या शब्दाची मला लाज वाटत नाही. बावीस वर्षं दवाखान्यात झाडलोट केली, लोकांचं सगळं पुसलं, धुतलं. लाज वाटते ती त्यानंतरच्या आठवड्याची.

दवाखाना यावलला, बसस्टँडच्या अलीकडे. दोन खोल्या, बाहेर पत्र्याच्या सावलीत दोन बाकं, मागे संडास. मी नंबर पुकारते, केसपेपर काढून देते, फरशी पुसते. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्यावर लोकांची नावं वाचता येतात. सगळे मला अक्का म्हणतात, डॉक्टरसुद्धा.

आधी म्हातारे डॉक्टर होते. त्यांच्या हाताला गुण आहे, असं गाव म्हणायचं. सुई टोचलेली कळायची नाही, हे खरं. पण गरोदर बाई सोडून दुसऱ्या कोणाची लघवी तपासायला त्यांनी सांगितलेलं मी पाहिलं नाही. माझा धाकटा दीर वर्षानुवर्षं त्यांच्याकडून बीपीची गोळी न्यायचा. "बरं आहे ना?" "बरं आहे." तीच गोळी, तीच चिठ्ठी. एक दिवस तोंड सुजलं म्हणून त्याला जळगावला नेलं, तर तिथले म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्या, एवढे दिवस काय करत होता? मग आठवड्यातून दोनदा बसने तापी ओलांडून रक्त धुवायच्या मशीनवर. पुष्कळदा मी बरोबर जायची. मशीनची सुई घालायला त्याच्या हातातली एक शीर फुगवून ठेवली होती. बोट लावलं तर घरघरायची, मांजर धरल्यासारखी. दीड वर्ष काढलं त्याने. मी कोणाला दोष देत नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, आणि मी त्याच दवाखान्यात फरशी पुसत होते, मलाही सुचलं नाही.

म्हातारे डॉक्टर थकले, घरी बसले, आणि त्यांची सून दवाखाना बघायला लागली. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून सांगितलं, "अक्का, ज्याला साखर आहे, ज्याला बीपी आहे आणि जो रोज दुखण्याच्या गोळ्या खातो, त्याची लघवी तपासल्याशिवाय त्याला माझ्याकडे पाठवायचं नाही."

मी म्हटलं, "लघवीची तक्रार नसली तरी?"

"नसली तरीच. तक्रार सुरू झाल्यावर काय, कोणीही सांगेल. किडनी मुकी असते. बरीच झिजेपर्यंत बोलत नाही."

मग त्यांनी मला पट्टी दाखवली. प्लास्टिकची, बोटाएवढी लांब, टोकाला कागदाचे बारके रंगीत चौकोन. लघवीत बुडवायची, झटकायची, मिनिटभर थांबायचं आणि डबीवरच्या रंगांशी लावून बघायची. साडीच्या काठाला ब्लाऊजपीस लावून बघतात तसं. एक चौकोन पिवळा राहिला तर ठीक. हिरवा झाला तर गाळणी विरायला लागली, अंगातलं सत्त्व लघवीतून गळतंय, असं समजायचं. मग पुन्हा एकदा तपासायचं आणि रक्त जळगावला पाठवायचं. बाटल्या देणं, त्यावर नंबर टाकणं आणि ओळीने मांडून ठेवणं माझ्याकडे आलं. मला ते काम आवडलं. फरशीपेक्षा बरं.

पुरुषांचं काही अडलं नाही. अडलं बायांचं. आमच्या संडासाची कडी तुटलेली. किती वर्षं, ते विचारू नका. दार आतून हाताने ओढून धरावं लागे, आणि दारासमोरच बाकाचं टोक, त्यावर बाप्ये बसलेले. एका हातात दार, एका हातात बाटली, लुगडं कोणत्या हाताने आवरायचं? वर भरलेली बाटली घेऊन त्या बाप्यांसमोरून यायचं. बाया बाटली पदराखाली घेऊन जायच्या आणि रिकामी आणायच्या. "नही येत व अक्का." काही हुशार होत्या, त्या नळाचं पाणी भरून द्यायच्या. ते मला धरल्याबरोबर कळायचं. पाणी गार लागतं.

आणि शेतात जाणाऱ्या बायांना खरंच येत नाही. केळीच्या बागेत दिवसभर निंदणी, बुंध्याला फुटलेली पिलं कापणं, खत टाकणं. मुकादम बांधावर उभा. आडोशाला जायची पंचाईत, म्हणून त्या घरून पाणी न पिता निघतात आणि दुपारीही घोटभरच पितात. ही युक्ती त्यांना त्यांच्या आयांनी शिकवलेली असते. मलाही शिकवली होती.

तर एका सोमवारी सकाळी बागेत जाणाऱ्या मजूर टोळीतल्या तिघी आल्या. कंबरदुखीच्या गोळ्या संपल्या होत्या. या तिघी मेडिकलवरून आणि आमच्याकडून मिळून रोज गोळी खाणाऱ्या, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या नियमात बसणाऱ्या. दोघी यावलच्याच, चाळिशीच्या. तिसरी धुळ्याकडून लग्न होऊन आलेली, तिशी उलटलेली. ती अहिराणी बोलायची, प्रत्येक वाक्याला 'आहे'च्या जागी 'शे'. टोळी तिला चिडवायची, "आली व आपली शेवाली." ती पण हसायची.

टेम्पो रस्त्यावर उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून. तिघी पाळीपाळीने संडासात जाऊन आल्या. तिन्ही बाटल्या कोरड्या.

"पाणी प्या अन् बसा घडीभर," मी म्हटलं.

"टेम्पो गेला म्हणजे आजचा दिवस गेला ना व अक्का!"

"मग सुट्टीच्या दिवशी आलात तरी गोळ्या नाही मिळायच्या. बाईंचा नियम आहे."

त्यातली एक ठसक्यात म्हणाली, "मग तूच भर ना तिघींच्या. तुझं अन् आमचं काय येगळं शे?" शेवटचा शब्द तिने धुळ्याकडचीला डिवचायला म्हटला. "एकाच टाकीचं पाणी पितो आपण."

तिघी हसल्या. मीही हसले. आणि मी भरल्या.

का भरल्या, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. हॉर्न वाजत होता, हे एक. रोज रिकाम्या बाटल्या परत ठेवायचा मला कंटाळा आला होता, हे दुसरं. पण खरं कारण वेगळं. मला साखर नाही, बीपी माहीत नाही, बावीस वर्षांत मी एक दिवस आजारी म्हणून घरी राहिले नाही. मला वाटलं, आपलं चांगलं आहे, ते दिलं तर काय बिघडलं? शेजारणीला विरजण देतो तसं. चांगल्या घरचं विरजण, तिचंही दही चांगलं लागेल. मी त्यांच्यावर उपकार करत होते.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या बुडवल्या. मी फडकं घेऊन बाजूला उभी होते. पहिली हिरवी झाली. दुसरी हिरवी. तिसरी हिरवी. तिन्ही हिरवे अगदी एकसारखे.

"बघितलंत अक्का?" त्या म्हणाल्या. "एका टोळीतल्या तिघी. या गोळ्यांनीच. आणि एकीचीही तक्रार नाही."

मी फडकं पिळलं. पिळायला त्यात पाणी नव्हतं.

गुरुवारी टोळीला सुट्टी होती, तेव्हा तिघींना बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून नीट समजावलं. घाबरायचं नाही, एकदा हिरवी आली म्हणजे आजारच आहे असं नाही, ताप असला, फार कष्ट झाले तरी येते, पण पुन्हा तपासावं लागेल, रक्त द्यावं लागेल आणि दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद.

तिघींनी ऐकून घेतलं. आणि तिघींनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं.

मी दारात उभी होते. एक शब्द बोलले असते तर तिथेच संपलं असतं. बाई आमच्या चौघींकडे बघत राहिल्या, त्यांना काही कळेना. त्या तिघींनी माझं नाव घेतलं नाही. मी पण नाही.

मागच्या बाजूला, नळापाशी, त्यांनी मला गाठलं.

"अक्का, हे तं तुझं आहे," ठसक्यातली म्हणाली. आता ती हसत नव्हती. "सांगून दे बाईले."

"सांगेन."

"कवा? तेरावं जेवल्यावर?"

दुसरी म्हणाली, "गप व. तिची नोकरी जाईन." मग मला म्हणाली, "आम्ही नही सांगत. पण रक्त काढून घ्यायले आम्ही नही येणार, हे बी सांगते. आमचं चांगलं आहे."

"तुमचं तपासलंच नाही अजून," मी म्हटलं.

तेवढ्यात धुळ्याकडची बोलली. ती नळाच्या कट्ट्यावर टेकली होती. "हाऊ आजार तुन्हा शे, अक्का. मन्हा नई. मी तं देयेलच नई." एवढं बोलून ती उठली आणि चप्पल पायात सरकवायला लागली. चप्पल जाईना. मी खाली पाहिलं. पाय फुगलेले होते, घोट्यापाशी पट्ट्याचा खोल वळ. मी ते पाहिलं. मला आठवतंय की मी पाहिलं. दिराचे पाय मी पाहिले होते, मला शिकवायची गरज नव्हती.

ती टाचेने चप्पल फरफटत गेली.

शुक्रवारी सकाळी, डॉक्टरीणबाई यायच्या आधी, मी माझी बाटली भरली आणि पट्टी बुडवली. डबीवरचा रंग लावून पाहिला. उजेडात नेऊन पाहिला. हिरवा म्हणजे हिरवा. ती पट्टी मी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी टाकली आणि हात धुवून नंबर पुकारायला बसले.

नंबर पुकारताना मला कारण कळलं. माझे गुडघे गेलेले आहेत. औषध कंपनीवाले टेबलावर गोळ्यांची सॅम्पल ठेवून जातात, ती मागच्या कपाटात पडून असतात. म्हातारे डॉक्टर म्हणायचे, "घ्या अक्का, लागल्या तर." मला रोजच लागल्या. सकाळी एक, फरशी पुसायच्या आधी. दुपारी एक. सात-आठ वर्षं. जो रोज दुखण्याच्या गोळ्या खातो त्याला अडवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी स्वतः त्या कपाटाशी पाणी घेऊन उभी राहायची. माझा कधी केसपेपरच निघाला नव्हता. मी पेशंट नव्हते, मी दवाखाना होते.

त्या दिवशी गोळी घेतली नाही. संध्याकाळी घरचा जिना चढताना रडू आलं, ते गुडघ्यामुळे. तरी सांगितलं नाही. नोकरीची भीती होती, पण ती थोडी. मला ती घरघरणारी शीर आठवत होती. वाटत होतं, बोलले नाही तोवर ते खरं नाही. म्हातारी माणसं शहाणी असतात असं म्हणतात. मी तरी नव्हते. शनिवार गेला. रविवार गेला.

सोमवारी सकाळी टेम्पो दवाखान्यासमोर थांबला तेव्हा मी झाडत होते. मागे उभ्या बायांमध्ये मी तिला शोधलं. नव्हती.

"शेवाली कुठे आहे व?" मी विचारलं.

ठसक्यातली वरूनच म्हणाली, "पडेल आहे घरी. सकाळी तोंड असं सुजलं का डोळे उघडत नही. भाकर जात नही, उलट्या होतात. म्हटलं दवाखान्यात चाल, तं म्हणते, माझं काही नही, आजार अक्काले आहे."

टेम्पो गेला. मी झाडू तिथेच टाकला आणि आत गेले. डॉक्टरीणबाईंसमोर एक म्हातारा शर्टाची बाही वर करून बसला होता. मी त्याला म्हटलं, "नाना, बाहेर थांबा."

"माझा नंबर आहे!"

"नंबर मीच दिला. थांबा."

तो गेला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हॉर्न, बाटल्या, विरजण, शुक्रवारची पट्टी, गोळ्या, सुजलेले पाय. मध्ये थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाही.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अक्का, तुमची चांगली निघाली असती तर?"

मला लगेच समजलं नाही.

"तुमची पट्टी पिवळी आली असती तर मी त्या तिघींच्या कागदावर 'ठीक' लिहून दिलं असतं. गोळ्याही दिल्या असत्या. वर्षभर कोणी त्यांच्याकडे पाहिलं नसतं."

मी आठवडाभर माझ्या हिरव्या पट्टीला रडत होते. पिवळी आली असती तर मी त्या धुळ्याकडचीला मारून टाकलं असतं आणि मला कळलंही नसतं. लाज ती ही.

त्या उठल्या. बीपीचं मशीन आणि पट्ट्यांची डबी पिशवीत टाकली. "घर माहीत आहे ना? बसा मागे." बाकावरचे सगळे बघत राहिले आणि आम्ही स्कूटीवर निघालो. तो नाना मागून ओरडला, "आता डॉक्टरच पळाले!"

धुळ्याकडची ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा ओळखू येत नव्हता. मला बघून तिने तोंड फिरवलं. "माले ऱ्हाऊ दे, अक्का."

"नाही राहू देत," मी म्हटलं. "उठ."

बीपी मोजलं. डॉक्टरीणबाईंनी एकदा मोजलं, पट्टा सोडला, दुसऱ्या हाताला बांधून पुन्हा मोजलं. आकडा मला सांगितला नाही. मी तिला धरून न्हाणीत नेलं, दार बाहेरून माझ्या पाठीने दाबून धरलं आणि म्हटलं, "आता कोणाचं उसनं नको, तुझंच दे. थेंबभर चालेल." पुष्कळ वेळ लागला. बाटली दाराच्या फटीतून आली. कोमट होती, वर साबणासारखा फेस. पट्टी माझ्यापेक्षा गडद झाली, हिरव्याच्या पुढे, निळसर.

तिचा नवरा बागेत होता, त्याला निरोप गेला, तो धावत आला. दुपारी रिक्षा करून आम्ही तिघं जळगावला निघालो. वाटेत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून होती. तापीच्या पुलावर मला वाटलं, हा पूल मी परत आठवड्यातून दोनदा ओलांडणार, फक्त या वेळी पोर दुसऱ्याची. मी तिचा हात हातात घेतला आणि शीर चाचपली. साधी होती, नुसती उडत होती.

तिथे नऊ दिवस राहिली. मशीन लागलं नाही. तिथले म्हणाले, किडनीला मार बसला आहे, थोडा राहणार, पण आणखी महिना तुम्ही गोळ्या चालू ठेवल्या असत्या तर आमच्याकडे मशीनशिवाय काही उरलं नसतं. बीपीची गोळी आता तिला कायमची. दुखण्याची गोळी कायमची बंद. उरलेल्या दोघींनी मुकाट्याने येऊन आपापल्या बाटल्या भरल्या. दोन्ही पिवळ्या. ठसक्यातली म्हणाली, "म्हटलं नव्हतं?" मी तिला म्हटलं, "पुढच्या वर्षी परत म्हण."

माझंही रक्त तिला नेलं त्याच दिवशी जळगावला तपासलं. किडनीचा आकडा थोडा वाढलेला आहे. लवकर सापडलं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. गोळ्या सुटल्या. गुडघे दुखतात, दुखू देते, तेलाने चोळते. गावात बातमी पसरली की अक्काची किडनी गेली, आणि किडनीवाल्याला केळी चालत नाहीत, म्हणजे आता केळी बंद. लोक घरी भेटायला येताना केळी आणायचे बंद झाले, आणि केळीच्या गावात याहून मोठं सुतक नाही. खरं तर माझी अजून बंद नाहीत. मी विचारून घेतलं आहे.

नोकरी गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "त्या बाया बाटल्या भरत का नाहीत, हे मला आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "तुम्ही लघवी मागितली. कडी कोणी विचारली?" त्याच दुपारी सुतार आला. नवी कडी बसली, आत एक फळी ठोकली, बाटली ठेवायला, आणि पलीकडच्या भिंतीत एक झरोका पाडला, त्यातून बाटली सरळ माझ्या टेबलावर येते. बाकही फिरवलं. आता बाप्ये रस्त्याकडे तोंड करून बसतात.

तीन महिन्यांनी आम्हा दोघींचा तपासायचा दिवस एकच आला. ती आधी आत गेली, आणि बाटली झरोक्यातून पुढे झाली. मग मी गेले, कडी लावली. जुनी माणसं आम्ही, पाणी न पिता राहायची सवय, येईना. बराच वेळ झाला. बाहेरून तिने दारावर थाप मारली.

"अक्का, काय करी ऱ्हायनी वं?"

"येत नाही."

"मी देऊ का मन्हं? एकच टाकी शे."

बाकावरचं कोणीतरी हसलं. मग तीच म्हणाली, हळू, दाराला तोंड लावून, "बस आरामशीर. टेम्पो जाऊ दे. तुन्हं तूच भर."

पाण्याच्या आवाजाने येते म्हणून मी नळ बारीक सोडला आणि बसून राहिले.